रुपीबाईचा चुडा

रविवार, ता. ६ डिसेंबर १९५९. घाटंजी.
पहाटे बोचरी थंडी. ओसरीवर ऊन उशिरा आले. शेजारचे बाबाराव पांढरे कपडे घालून सकाळीच सभेला गेले. आज त्यांच्या बाबासाहेबांचा स्मृतिदिन. उपासना आपल्याच ओसरीवर झाली. तांड्यावरून तिघे आले. दोघे आत बसले, एक लिंबाखाली. पास्टर चेरियन यांनी आज उपदेश केला नाही. रुपीबाई गायली. दुपारी तुरीचे वरण, वांग्याची भाजी, भाकरी. यांना सर्दी.

नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला रोजनिशी लिहायला शिकवली ती सिस्टर बर्नाडेट यांनी. त्यांचा दंडक असा की घडले तेवढेच लिहायचे. मनात आले ते देवाला सांगायचे, वहीला नाही. आणि दिवसाची शेवटची ओळ घराची असली पाहिजे, म्हणजे मुलगी कितीही उंच उडाली तरी झोपायला चुलीपाशी येते. हे शेवटचे मला तेव्हाही फारसे पटले नव्हते, पण लागलेली सवय गेली नाही. त्यामुळे वरच्या नोंदीत ‘रुपीबाई गायली’ एवढेच दोन शब्द आहेत. ते दोन शब्द उलगडायला आज मला बरीच पाने लागणार.

लिहायचे कारण लोकांचे विचारणे. आमची मंडळी पेंटेकॉस्टल. या पंथात बायका अंगावर दागिना ठेवत नाहीत. मंगळसूत्र नाही, बांगडी नाही, कानात काही नाही. बाहेरगावचे पाहुणे आमच्या उपासनेला आले की त्यांना आश्चर्य वाटते. इथे तांड्यावरच्या बायका दंडभर पांढरा चुडा घालून प्रभुभोजनाला बसतात आणि पाळक त्यांना काही म्हणत नाहीत. ‘हे कधीपासून?’ असे ते विचारतात. नव्या पाळकांना उत्तर माहीत नसते, मग ते माझ्याकडे पाठवतात. मी आता फार बोलू शकत नाही, दम लागतो. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

आमचे हे सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. बदली होऊन आम्ही घाटंजीला आलो तेव्हा गावात ख्रिस्ती म्हणजे आम्ही दोघे, आमची लहानगी नलू, दवाखान्यातली दाई आणि कापसाच्या जिनात कामाला असलेली एकदोन घरे. चर्च नव्हते. एकोणीसशे सत्तावनच्या पावसाळ्यानंतर केरळातून पास्टर चेरियन आले, सायकल, ट्रंक आणि बायको सारम्मा घेऊन. उंच, हडकुळे, कायम पांढऱ्या कपड्यात. त्यांना हिंदी तोडकीमोडकी यायची, मराठी नाही. मला इंग्रजी येत होते. ते इंग्रजीत उपदेश करत, मी मराठीत सांगत असे, आणि मागे बसलेली दाई तेच पुन्हा आपल्या वऱ्हाडीत शेजारणीला सांगत असे. एका उपदेशाचे तीन उपदेश होत.

आम्ही जुन्या मिशनची माणसे. आमच्या देवळात हळू आवाजात, मान खाली घालून गायचे. पेंटेकॉस्टल लोक टाळ्या वाजवतात, हात वर करतात, मोठ्याने प्रार्थना करतात. गावाने आठवड्याभरात नाव ठेवले, टाळीवाले. हे मला म्हणाले, “तुझ्या सिस्टरबाईंनी पाहिलं तर चक्कर येऊन पडतील.” पण रविवारी दुसरी जागा नव्हती, म्हणून आम्हीही टाळी वाजवायला शिकलो. खरे सांगायचे तर मला आवडायला लागले होते. त्यांचा बाप्तिस्मा मात्र आम्ही घेतला नाही, म्हणून माझ्या हातातल्या बांगड्या राहिल्या.

सारम्माच्या अंगावर दागिना म्हणून काहीच नसे. बाजाराच्या दिवशी ती पास्टरांबरोबर निघाली की भाजीवाल्या हळहळत. “इतक्या तरण्या वयात वो बाई!” म्हणून तिच्या पिशवीत दोन वांगी जास्त टाकत. पिशवी धरून नवरा शेजारीच उभा असे. त्याला त्या तिचा दीर समजत.

रुपीबाई आमच्याकडे आली ती औषधाला. हिरासिंग या गाडीवानाची बायको. गावाबाहेर, नदीपलीकडे त्यांचा बंजारा तांडा. या लोकांचे आजेपणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलुखभर हिंडत. आता ते शेती करत, गाड्या हाकत. रुपीबाईला एकामागून एक तीन मुले झाली आणि तिन्ही गेली. तिसरे गेल्यावर तिने गाणे सोडले. हे मी नंतर ऐकले. तांड्यात लग्न असो, तीज असो, गाण्याची पहिली ओळ रुपीबाईची, असे ठरलेले होते. ती ओळ आता दुसऱ्या कोणीतरी उचलायची.

ती दवाखान्याच्या पायरीवर बसली होती आणि आमच्या ओसरीवर उपासना चालू होती. मधे फक्त रस्ता. टाळ्यांचा आवाज ऐकून ती उठली, रस्ता ओलांडला, दारात येऊन उभी राहिली. लाल फेटिया म्हणजे घेरदार घागरा, आरशांची कांचळी म्हणजे चोळी, केसांत गुंफलेल्या चांदीच्या घुगऱ्या गालांवर लोंबत होत्या, आणि दोन्ही दंडांवर खांद्यापासून कोपरापर्यंत हाडाच्या पांढऱ्या बांगड्या. ती आत आली नाही. पण तिसऱ्या गाण्याला तिचा हात दाराच्या चौकटीवर ठेका धरायला लागला. पुढच्या रविवारी ती आत बसली. त्यानंतर कधीतरी, शब्द माहीत नसताना, तिने नुसत्या सुरात गाणे उचलले. सगळे गायचे थांबले आणि ती एकटीच पुढे गेली. पास्टर चेरियन डोळे मिटून उभे होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिरासिंग मुद्दाम आमच्या घरी आला. पागोटे, मिशा, हातात चाबूक.

“बाई, हे कालपासून गाऊन राह्यली,” तो म्हणाला. “भाकर थापतानी बी गाते. तुमी तिले काय पाजलं?”

“काही नाही हो. ती आपणहून गायली.”

“मंग येऊ द्या तिले दर इतवारी. मले तुमच्या देवातलं काई समजत नाई. पन घरात आवाज आला, मले दुसरं काय पाह्यजे?”

दोन वर्षे रुपीबाई येत राहिली. आमच्यातली पहिली तांड्यावरची बाई. मग तिने बाप्तिस्मा घ्यायचे ठरवले. आमच्या जुन्या मिशनमध्ये कपाळावर पाणी शिंपडतात. पेंटेकॉस्टल लोक पूर्ण बुडवतात. त्यासाठी वाहते पाणी हवे, छातीएवढे हवे. वाघाडी नदीला दिवाळीनंतर थोडे दिवस तसा डोह असतो. नोव्हेंबरचा शेवटचा रविवार ठरला.

पास्टरांचा नियम होता की पाण्यात उतरताना अंगावर दागिना नको आणि पांढरे वस्त्र हवे. त्यांच्या मनात होते की एकदा उतरवला तो कायमचा उतरवला. रुपीबाईच्या मनात होते की पाण्यापुरता काढायचा, वर आल्यावर घालायचा. दोघांनाही आपलेच उघड वाटत होते, म्हणून कोणी कोणाला विचारले नाही.

आदल्या दिवशी तिने आमच्या मोरीत बसून साबण लावून लावून बांगड्या काढल्या. लग्नात चढवलेल्या, कित्येक वर्षे न हललेल्या. प्रत्येक बांगडीखाली कातडी पांढरी पडली होती. मी विचारले, “मालकाला सांगितलंस?”

“सांगतलं वो. ते झरीकडे गेले बांबू वाहाले. जातानी म्हने, बूड पान्यात, पन उद्या दुपारी मी येईन तवा भाकर तयार ठेव.”

तांड्यावर चुडा आणि घुगऱ्या कधी उतरतात, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. नवरा गेला की उतरतात. पण कोणतीही गोष्ट माहीत असणे आणि ती त्या वेळी ध्यानात येणे यात अंतर असते. हे गेले तेव्हा माझ्या हातातल्या बांगड्या काढताना रुपीबाई माझ्या शेजारी बसली होती आणि तिच्या चुड्याचा गारवा माझ्या दंडाला लागत होता. तेव्हा मला त्या मोरीतली दुपार नीट समजली.

रविवारी बाप्तिस्मा सुरेख झाला. रुपीबाई सारम्माची पांढरी सुती साडी नेसून पाण्यात उतरली. पास्टरांनी तिला बुडवून वर काढले तेव्हा ती हसत होती, थंडीने दात वाजत होते, आणि आम्ही काठावर टाळ्या वाजवत होतो. नव्या विश्वासणाऱ्याला गात गात घरी पोहोचवायची पास्टरांच्या गावची रीत. आम्ही जमलो होतो तो काठ तांड्याच्याच बाजूचा, म्हणून रुपीबाई ओल्या साडीतच निघाली. कपडे घरी बदलणार होती. फेटिया, चुडा, घुगऱ्या यांचे गाठोडे तिच्या काखेत. चुडा तिने काठावर घालून पाहिला होता, पण थंड पाण्याने आणि आदल्या दिवशीच्या ओढाताणीने दंड सुजले होते, बांगडी कोपरावर चढेना. पुढे पांढऱ्या कपड्यात पास्टर, मान खाली, संथ चालीचे मल्याळी गीत गात. मागे सारम्मा, तीही पांढऱ्यात, रुपीबाईला थंडी वाजते म्हणून तिच्या खांद्याभोवती हात टाकून.

आम्ही बाकीचे गावाकडे वळलो. मी घरी येऊन वरणाला फोडणी दिली असेल नसेल, तोच बाबाराव दारात. बाबाराव गवंडी, आमचे शेजारी. तीन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन बौद्ध झालेले. पास्टरांनी एकदा त्यांनाही बोलावले होते, तेव्हा ते हात जोडून म्हणाले होते, “साहेब, आमचं दार आत्ताच नवं बसवलं हाय. त्याले राहू द्या.” तेव्हापासून दोघांची चांगली मैत्री.

“बाई, वाईट झालं,” बाबाराव म्हणाले. “तांड्यावरचा हिरासिंग गेला.”

“काय सांगता! कोणी सांगितलं?”

“सगळा तांडा रडून राह्यला. मी तिकून भिताड बांधून आलो. त्याच्या बायकोले नदीवरून आनलं, चुडा उतरवून. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं.”

मी हातातली पळी तशीच ठेवली. हे दवाखान्याची पिशवी घेऊन निघाले, मीही निघाले, बाबाराव वाट दाखवायला. वाटेत यांना मी म्हटले, “सकाळी तर ती हसत होती.” हे म्हणाले, “तोपर्यंत खबर आली नसेल.” आणि मलाही ते खरे वाटले. मी कपाळाला हात लावला.

तांड्यात पोहोचलो तर मधल्या चौकात बायकांचे कोंडाळे. बंजारा बायका एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात. दुसऱ्या गावाला ऐकू जावे असे. मधोमध ओल्या पांढऱ्या साडीत रुपीबाई. एक बाई सोडायची, दुसरी गळ्यात पडायची. पास्टर आणि सारम्मा एका भिंतीपाशी घाबरून उभे होते. त्यांना वाटत होते, हिने बाप्तिस्मा घेतला म्हणून या बायका रडतात.

मला पाहताच रुपीबाई ओरडली, “बाई, सांगा वो यायले! माहा मालक जिता हाय म्हनून! म्या सांगून सांगून थकली, कोनी आयकत नाई!”

“भरम झाला पोरीले,” एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली. “पह्यले पह्यले असंच होते. मले बी असंच झालतं.”

हिरासिंगची आई मानीबाई जमिनीवर बसून छाती पिटत होती. मी तिच्यापुढे वाकून म्हटले, “आजी, हिरासिंगला काही झालेलं नाही. तिने पाण्यात उतरायला चुडा काढला.”

मानीबाईने रडणे थांबवून माझ्याकडे पाहिले. “तुमी पाह्यलं त्याले आज?”

“नाही, पण...”

“मंग!” आणि पुन्हा छाती पिटायला लागली.

तेवढ्यात माझ्या लक्षात आले की रुपीबाई गप्प झाली आहे. तिने माझा हात धरला आणि अगदी लहान आवाजात विचारले, “बाई, खरंच कोनी खबर तं नाई आनली? येवढ्या जनी रडून राह्यल्या, म्हून म्हनते.” आणि तिने हंबरडा फोडला. आता तर कोणालाच शंका उरली नाही.

आणि त्या रडण्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. बांबूची गाडी तांड्यात शिरली. हिरासिंगने गाडी थांबवली. चौक भरलेला, बायका रडताहेत, पुरुष एका बाजूला खाली मान घालून बसलेले. कोणाचे तरी मरण झाले हे उघडच होते. त्याने चाबूक गाडीत ठेवला, पागोटे काढून हातात घेतले, हळूच पुरुषांच्या रांगेत जाऊन बसला. शेजारी त्याचा चुलतभाऊ बाबूसिंग.

“कोन गेलं रे?” हिरासिंगने हळू आवाजात विचारले.

बाबूसिंग त्याच्याकडे बघतच राहिला. “तू,” तो म्हणाला.

पुढचे मला नीट सांगता येणार नाही. कोणी पळाले, कोणी हसले, मानीबाई उठली आणि तिने लेकाला दोन्ही हातांनी बडवून काढले, मेला का नाहीस म्हणून की जिवंत आहेस म्हणून, ते तिलाच माहीत. हिरासिंग मार खाता खाता बायकोकडे पाहत होता, तिच्या उघड्या दंडांकडे. हसला नाही. तो हसला असता तर कदाचित प्रकरण तिथेच मिटले असते.

तांड्याचा नाईक देवसिंग. त्याच संध्याकाळी दिवस मावळायच्या आत त्याने सगळ्यांना बसवले. नाईक वाईट माणूस नव्हता. उलट त्याच्याएवढा हिरासिंगचा कळवळा कोणाला नव्हता. तो म्हणाला, “जित्या मानसासाठी तांडा रडला. हे अपशकुन धुवून काढा लागते. बाईनं चुडा घालावा. मंग ते कुठं बी जावो, कोनतं बी गानं गावो. पन पुन्हा चुडा उतरवला, तं दोघायनं तांडा सोडावा. ज्या देवाले तिच्या मालकाचं जगनं चालत नाई, त्या देवाच्या दारी आमची बाई जानार नाई.”

मी हे पास्टरांना इंग्रजीत सांगितले, एक शब्द न गाळता. ते परत येताना सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले की त्यांना दुःख होते, पण मंडळीचा नियम एका माणसासाठी वेगळा करता येत नाही. चुडा घालून ती उपासनेला बसू शकेल, प्रभुभोजनाला नाही. भाकर आणि द्राक्षरस तिला देता येणार नाही.

म्हणजे रुपीबाईपुढे आता दोनच वाटा होत्या. चुडा घालायचा आणि ज्या पंक्तीसाठी ती पाण्यात उतरली तिथे बाहेर बसायचे, किंवा चुडा सोडायचा आणि नवऱ्यासकट तांडा सोडायचा, सासू, विहीर, तीन मुलांना पुरले ती जागा. सोमवारी ती आमच्याकडे आली, साडी परत करायला. धुऊन, घडी करून आणली होती. दंड अजून सुजलेले, गाठोडे अजून बांधलेलेच.

“काय ठरवलंस?” मी विचारले.

“काय ठरवू वो? मले दोन्ही पाह्यजे,” ती म्हणाली. “म्या कवा म्हनलं का एकच द्या?”

बुधवारी सारम्मा आली. ती फार बोलत नसे. आम्ही दोघी तूर पाखडत बसलो. मग तिने आपल्या इंग्रजीत सांगितले की तिच्या गळ्यात लग्नातले मिन्नू होते, पिंपळपानासारखे एवढेसे सोने. या पंथात आल्यावर तिने ते काढले. तिची आई उठून दुसऱ्या खोलीत गेली आणि पुन्हा तिच्यासमोर जेवली नाही. “पण मी काढले ते माझे होते,” सारम्मा म्हणाली. “रुपीचा चुडा रुपीचा आहे का? मला वाटते तो त्या गाडीवानाचा आहे. दुसऱ्याची वस्तू तिने कशी देऊन टाकायची?”

“हे तुम्ही पास्टरांना सांगितलं?”

“सांगितलं. ते तीन दिवस नीट जेवले नाहीत,” ती म्हणाली आणि सूप उचलले.

मग तो सहा डिसेंबरचा रविवार आला. मी ओसरी सारवून सतरंज्या घातल्या. कोनाड्यात पास्टरांची छोटी बाटली होती, खोबरेल तेलाची. आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना ते त्यातले बोटभर तेल त्याच्या कपाळाला लावत. बाटली आमच्याकडेच असे.

हिरासिंग आणि रुपीबाई बरोबर आले. हिरासिंग उपासनेला कधीच आला नव्हता. पागोटे नीट बांधलेले, हातात ते गाठोडे. रुपीबाईने आपला फेटिया नेसला होता, दंड उघडेच. हिरासिंग दाराशी बसला. मानीबाईही आली होती, पण आत यायला तयार नाही. अंगणातल्या लिंबाखाली पाठ टेकून बसली, जिथून सगळे दिसेल.

आम्ही गायलो. रुपीबाई गायली नाही. तिने ओठच उघडले नाहीत. टाळ्या वाजत होत्या, पण ठेका कुठेतरी लंगडत होता, आणि दाई गाता गाता तिच्याकडे पाहून चुकत होती. पास्टर उपदेशाला उभे राहिले, बायबल उघडले, आणि हिरासिंग उठला.

“साहेब, माहं एक काम हाय. ते पह्यले करू द्या, मंग तुमचं बोलनं.”

त्याने गाठोडे सोडले. पांढऱ्या बांगड्या सतरंजीवर ठेवल्या.

“नाईकानं सांगतलं, चुडा घाल. तुमी सांगता, घालू नको. मी म्हनलं, आपन तिथंच जाऊन घालू. देव पाह्यत असन तं पाहू द्या. त्याले चालत नसन तं आत्ताच सांगा. आमी दोघं उठून जातो. पन मंग हे पुन्हा गानार नाई, हे बी सांगून ठेवतो. म्या तीन साल मुकी बायको सांभाळली हाय.”

मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडले. पास्टरांनी हात वर केला. त्यांना कळले होते.

हिरासिंग बायकोसमोर बसला आणि पहिली बांगडी तिच्या हातात चढवू लागला. मनगट पार झाले. कोपरापाशी अडली. त्याने जोर लावला. रुपीबाईने ओठ चावला. कातडी लाल झाली. त्याने पुन्हा जोर लावला.

“अरे हाल्या!” लिंबाखालून मानीबाई ओरडली. “बैलाच्या मानेवर जू ठेवून राह्यला का? तेल लाव, तेल!”

दाईला हसू आले, तिने पदर तोंडात धरला. कोणीतरी खोकले. हिरासिंग घामाघूम होऊन इकडेतिकडे पाहू लागला. मी स्वयंपाकघराकडे जायला उठले. पण माझ्याआधी पास्टर हलले. ते कोनाड्यापाशी गेले. ती छोटी बाटली काढली, बूच उघडले, आणि हिरासिंगपुढे गुडघे टेकून बसले. नुसती बाटली पुढे केली. हिरासिंगने ओंजळ धरली. पास्टरांनी त्यात तेल ओतले, बोटभर नाही, भरपूर.

“जास्त झालं, साहेब,” हिरासिंग म्हणाला.

“लगाओ,” पास्टर म्हणाले.

सारम्मा पुढे सरकली. तिने रुपीबाईचा दंड आपल्या मांडीवर घेतला आणि चोळू लागली, आई चोळते तसा. पहिली बांगडी कोपरावरून सरकली. दुसरी. मग एकेक. छोटी बाटली एका दंडातच संपली, तेव्हा मी आमची घरची बाटली आणून दिली. शेवटी सारम्माने घुगऱ्या रुपीबाईच्या केसांत गुंफायला घेतल्या. तिला ते येईना, तेव्हा मानीबाई लिंबाखालून उठली, पायरी चढली, बडबडत सतरंजीवर येऊन बसली आणि सारम्माचे हात बाजूला करून स्वतः गुंफू लागली. ती आत आली आहे, हे तिच्या लक्षात आले ते काम संपल्यावर. मग उठणे तिला बरे दिसेना.

पास्टरांनी बायबल मिटले. उपदेश केला नाही. भाकर मोडली, प्रार्थना केली आणि पहिला तुकडा रुपीबाईपुढे धरला. तिने तो घेतला तेव्हा तिचा दंड तेलाने चमकत होता आणि बांगड्या एकमेकींवर आपटून वाजल्या. त्या आवाजावरच तिने गाणे उचलले. तांड्यातलीच चाल होती ती, शब्द आमचे. हिरासिंग दाराशी बसून पागोट्याचा शेव डोळ्यांना लावत होता आणि मानीबाई त्याला कोपराने ढोसत होती, “मेला तवा नाई रडला, आता काहून रडते?”

हिरासिंगने बाप्तिस्मा कधी घेतला नाही. पण पुढे प्रत्येक रविवारी तो दाराशी बसलेला असे, आणि नवीन माणूस आला की त्याला सरकून जागा करून देई. एकोणीसशे चौसष्टला आम्ही टिनाचे छप्पर घालून आमचे स्वतःचे प्रार्थनाघर बांधले. बांबू हिरासिंगच्या गाडीने आले, भिंती बाबारावांनी उभ्या केल्या, आणि देवसिंग नाईक उद्घाटनाला येऊन शेवटपर्यंत बसले. तोवर तांड्यावरच्या बऱ्याच बायका येत होत्या, चुड्यासकट. पास्टरांनी केरळातल्या आपल्या वडीलधाऱ्यांना काय कळवले ते मला माहीत नाही. त्यांनी मला कधी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

त्या सहा डिसेंबरच्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी सतरंज्या झटकल्या. सतरंजीवर तेलाचा मोठा डाग पडला होता. दिवा लावून रोजनिशी काढली. मन इतके भरून आले होते की काहीतरी मोठे लिहावेसे वाटत होते. पण सिस्टर बर्नाडेट यांचा दंडक. वर उतरवली आहे तेवढी नोंद लिहिली, आणि तिच्याखाली दिवसाची शेवटची ओळ:

खोबरेल तेल संपले. नलूची वेणी कोरडीच घातली.